जागा बदलणारी गळती

सिद्धार्थनगरातल्या त्या गल्लीला थोडा उतार होता आणि सगळ्या भांडणाचं मूळ तो उतारच. तानाबाई कांबळे आपली जुनी फियाट दारापुढं लावायच्या. गाडीच्या पोटाखाली ठिबकलेलं तेल हळूहळू सरकत खाली यायचं आणि धोंडुबाईंच्या उंबऱ्यासमोर पसरायचं. एका सकाळी धोंडुबाई नळावरून भरली कळशी घेऊन येत होत्या. पाय पडला तो नेमका तेलावर. कळशी एकीकडं, त्या एकीकडं.

"तानाक्का! बाहीर ये आधी!" धोंडुबाई बसल्या जागेवरून ओरडल्या. "ह्या गल्लीत आता एक तर तुजी गाडी ऱ्हाईल, न्हायतर मी!"

तानाबाई चष्मा पुसत बाहेर आल्या. भांडणाला उत्तर द्यायच्या आधी त्या खाली बसल्या आणि धोंडुबाईंचा घोटा त्यांनी दोन्ही हातांत धरला.

"हलव. आता तिकडं. दाबल्यावर दुखतंय?"

"दुखतंय की!"

"पण पाय टेकवता येतोय. म्हंजे मोडलेलं न्हाय, मुरगळलंय."

त्यांनी घोट्याला पट्टी बांधली, धोंडुबाईंना चहा करून दिला, त्यांच्या दारातलं तेल राख टाकून घासून काढलं. मग साडीचा ओचा वर खोचून त्या रस्त्यावर ओणव्या झाल्या आणि त्यांनी गाडीखाली डोकं घातलं. बघणाऱ्यांना वाटलं, बाईला वाईट वाटतंय. वाईट वाटत होतंच. पण त्याहून मोठा एक प्रश्न त्यांच्या डोक्यात शिरला होता. महिन्यापूर्वी तेल पुढच्या बाजूला पडत होतं. आज ते पार मागं, गिअरबॉक्सच्या अंगाला पडलं होतं. असं का?

फियाट होती ती मागून गोल, लोक जिला डुक्कर फियाट म्हणतात ती. मूळची डॉक्टर नाडगौडाबाईंची. राधानगरीच्या बाजूला त्यांचा दवाखाना होता आणि तानाबाई तिथं नर्स. उभी हयात दोघींनी त्या गाडीतून वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या. डॉक्टरीणबाई चाकावर, शेजारी तानाबाई, मांडीवर बॅग. अडलेल्या बायकांना दवाखान्यात आणताना एक-दोन पोरं तर मागच्या सीटवरच जन्माला आली होती. पुढं डॉक्टरीणबाईंची नजर अधू झाली, तशी गाडी दवाखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली आणि काही वर्षं तिथंच उभी राहिली. वारण्याआधी बाईंनी भाच्याला सांगून ठेवलं होतं, "गाडी तानाची."

तानाबाई तेव्हा नुकत्याच निवृत्त होऊन कोल्हापुरात राहायला आल्या होत्या. साठीला टेकलेल्या बाईनं ड्रायव्हिंग शिकायला सुरुवात केल्यावर गल्ली हसली. त्यांनी लायसन काढलं, तशी गल्ली गप्प झाली. राधानगरीच्या एका मिस्त्रीनं गाडी धक्का मारून चालू करून दिली, ती कोल्हापुरात आली आणि त्या दिवसापासून गळायला लागली. चार गॅरेजं झाली. प्रत्येक ठिकाणी तेच उत्तर, "जुनी गाडी हाय बाई, गळणारच."

हे उत्तर तानाबाईंना अजिबात सोसत नव्हतं. दवाखान्यात कुणी म्हाताऱ्या माणसाबद्दल 'वय झालंय, दुखणारच' असं म्हटलं, तर डॉक्टरीणबाई त्याला दाराबाहेर काढायच्या. वय हे काही दुखण्याचं नाव नव्हे, असं त्या म्हणत. शिवाय त्यांच्या सगळ्या काळात ह्याच गाडीनं दवाखान्याच्या दारातल्या शहाबादी फरशीवर तेलाचा थेंब टाकला नव्हता. मग शेडमध्ये नुसत्या उभ्या गाडीला झालं काय?

पाचवं गॅरेज सयाजी चौगुल्याचं. उद्यमनगरात दोन फौंड्र्यांच्या मध्ये पत्र्याचं छप्पर, खाली एक खड्डा, भिंतीला टांगलेले पाने. सयाजी पन्नाशीचा, आडव्या अंगाचा, बोलायला तिखट. जुन्या गाड्यांवर त्याचा हात होता, पण आता दारात येत होत्या त्या सगळ्या मारुत्या. गेला तो भाग काढायचा, नवा घालायचा. विचार करायचं कामच उरलं नव्हतं, असं तो स्वतःच म्हणायचा.

पहिल्या खेपेला त्यानं इंजिनावरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं. वरून येणारं तेल थांबलं आणि आठवडाभरात पुढच्या बाजूनं यायला लागलं. दुसऱ्या खेपेला त्यानं पुढचं सील बदललं. धोंडुबाई पडल्या त्या दिवशी गाडी तिसऱ्यांदा त्याच्या दारात उभी राहिली.

सयाजीनं बॉनेट उघडलं. आत बघितलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"सिस्टर, तुमास्नी किती येळा सांगितलं? ऑइल बघितल्यावर ती मोजायची पट्टी नीट दाबून बसवत जावा. ही बघा, निम्मी वर आलीया."

"मी पट्टीला हातच लावलेला न्हाय."

"मग काय पट्टी आपल्या पायानं वर चढली?"

"ते मला काय ठावं? गेल्या खेपेलाबी तुमी हेच बोललासा. तवाबी मी हात लावला नव्हता."

सयाजीनं पट्टी खटकन खाली दाबली. पण त्याचा अंगठा तिथंच राहिला. बाई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या, हे आतापर्यंत त्याला कळलं होतं.

"बसा," तो म्हणाला आणि त्यानं एक लोखंडी स्टूल फडक्यानं पुसून पुढं केलं. "आता कुठनं आलंय म्हणता?"

"मागनं. पण मिस्त्री, तुमी मला येक सांगा. तुमी वरचं बंद केलं तर पुढनं आलं. पुढचं बंद केलं तर मागनं आलं. न्हाय का?"

"व्हय. मागचं सील जुनं हुतं, ते आता गेलं."

"आणि त्याच्या आधीच्या मिस्त्रीनं खालचं चेंबर बंद केलं, तवा ते वरनं आलं. सगळी सीलं पाळीपाळीनं कशी जात्यात? येकमेकाला सांगून जात्यात काय?"

असा प्रश्न सयाजीला गिऱ्हाइकानं कधी विचारला नव्हता. गिऱ्हाइकं विचारायची, कधी मिळेल. बाजूच्या फौंड्रीत वितळलेलं लोखंड ओतायचं काम चाललं होतं आणि त्याची धग पत्र्यातून इकडं येत होती. त्यानं गळ्यातला पंचा काढून तोंड पुसलं.

"गळतंय कवा? उभी असताना का चालताना?" त्यानं विचारलं.

तानाबाई सावरून बसल्या. पेशंटची हकीकत सांगायची त्यांना सवय होती, आणि ती त्यांनी बिनचूक सांगितली. गावात हळू हिंडवली तर फारसं नाही. लांब जाऊन आलं की जास्त. चढावर दामटली की सगळ्यात जास्त. सकाळी थंड इंजिनाखाली डाग असतो तो रात्रीचाच, नवा पडत नाही. रंग काळपट, पाणी मिसळलेलं नाही. धूर निळा नाही.

"म्हंजे जोर केला की गळतंय," सयाजी म्हणाला.

"जोर केला की."

त्या दिवशी त्यानं पाना हातात घेतला नाही. रॉकेलची पिचकारी मारून सगळं इंजिन धुऊन काढलं, हवा मारून कोरडं केलं. मग तानाबाईंना म्हणाला, "तुमच्या घरात अंगाला लावायची पावडर असंल, ती आणा. सगळ्या इंजिनाला पावडर फासतो. मग गाडी पळवू. तेल जिथनं निघंल तिथं रेघ उमटंल. चोर पावलानं सापडतोय."

तानाबाईंना ही युक्ती इतकी आवडली की त्या रिक्षा करून घरी गेल्या आणि पावडरचे दोन डबे घेऊन आल्या. दोघांनी मिळून इंजिन पांढरंफटक केलं. शेजारच्या लेथवरचा ज्ञानू टर्नर डोकावला आणि म्हणाला, "लगीन हाय काय गाडीचं?" तानाबाईंनी गाडी काढली, सयाजी शेजारी बसला, आणि हायवेला लागून दोघं शिरोलीच्या पुढं जाऊन आली. उसाच्या ट्रॅक्टरांना मागं टाकत जाताना सयाजी एका हातानं दार धरून बसला होता. बाई गाडी बेफाम हाणत होत्या.

गॅरेजात येऊन बॉनेट उघडलं, तेव्हा सयाजी बराच वेळ नुसता बघतच राहिला.

रेघ एक नव्हती. टॅपेट कव्हरखालून एक ओघळ आला होता. पुढच्या नव्या सीलपाशी एक ओलसर चंद्रकोर उमटली होती. मागं गिअरबॉक्सच्या सांध्याला तर धारच लागली होती. आणि तेलाची पट्टी पुन्हा वर आली होती. निम्म्याहून जास्त. तिच्याभोवतीची पावडर गोल उडून गेली होती, कुणीतरी फुंकर मारल्यासारखी.

"सिस्टर," सयाजी हळू आवाजात म्हणाला, "पट्टीचा आळ मागं घेतला."

तानाबाई इंजिनावर ओणव्या झाल्या होत्या. त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. "मिस्त्री, अंगात पू झाला की गळू कुठं फुटतंय ठावं हाय? पू असतोय तिथं न्हाय. जिथं कातडं पातळ असंल तिथं. आपण वर मलम लावून काय उपेग? आत दाब हाय. आतनं कायतरी ढकलतंय. जिथं वाट गावंल तिथनं तेल भाईर येतंय."

"मी बी तेच म्हणणार हुतो," सयाजी म्हणाला. आणि ते खरं होतं. पट्टीभोवतीचा तो पुसलेला गोल बघितल्यापासून ते त्याच्या जिभेवर होतं. "पण दाब हाय हे बघायचं कसं?"

तानाबाईंनी पर्स उघडली. दवाखाना सुटून वर्षं झाली, तरी त्यांच्या पर्समध्ये कात्री, चिकटपट्टी आणि रबरी हातमोज्यांचा एक जोड असायचाच. त्यांनी एक हातमोजा काढून सयाजीपुढं धरला.

"हे तुमच्या तेल वतायच्या तोंडावर बसंल?"

सयाजीनं हातमोज्याकडं बघितलं, मग बाईंकडं, आणि तो मोठ्यानं हसला. तेल ओतायचं झाकण काढून त्यानं तिथं हातमोजा ताणून बसवला आणि सुतळीनं घट्ट बांधला. रिकामी बोटं इंजिनावर लोळत पडली. पट्टी त्यानं पंच्याचा बोळा धरून दाबून ठेवली, म्हणजे वारं तिथून निसटायला नको.

"मारा."

तानाबाईंनी गाडीत बसून इंजिन चालू केलं. हातमोजा आधी थरथरला. मग करंगळी उभी राहिली, मग अंगठा, मग सगळा पंजा फुगून वर आला. बघता बघता तो ताडकन ताठ झाला आणि गाडीच्या तोंडातून कुणीतरी हात वर करून 'थांबा' म्हणावं तसा उभा राहिला. ज्ञानू टर्नर लेथ बंद करून पळत आला. फौंड्रीतली दोन माणसंही आली. सयाजीनं रेस करायची खूण केली, तसा हातमोजा कलिंगडाएवढा झाला आणि फाटकन फुटला.

तानाबाई स्टेअरिंगमागं बसूनच टाळ्या वाजवायला लागल्या. एवढ्या वर्षांत पेशंटनं असं स्वतःहून हात वर करून सांगितल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"रिंगा गेल्यात," ज्ञानूनं निकाल दिला. "पिस्टनचा गॅस खाली घुसतोय. सगळं इंजिन खोलाय लागतंय बघ, सयाजी."

सयाजीचं तोंड उतरलं. त्याच्याही मनात तेच आलं होतं. इंजिन खोलायचं म्हणजे ह्या गाडीचे भाग शोधत दिवसच्या दिवस हिंडायचं, आणि मिळतील न मिळतील. त्यानं मुकाट्यानं प्लग काढायला घेतले. पहिला काढला आणि उजेडात धरला. मग दुसरा. सगळे कोरडे होते, भाजलेल्या विटेच्या रंगाचे.

"रिंगा गेल्या असत्या तर हे तेलानं काळं झालं असतं," तो स्वतःशीच बोलावं तसा म्हणाला. "आणि सायलेन्सरमधनं निळा धूर आला असता. सिस्टर म्हणत्यात, धूर न्हाय. मीबी बघितलाय, न्हायच. रिंगा बऱ्या हाईत, ज्ञानू."

"मग वारं आलं कुठनं?"

"वारं थोडं असतंयच. नव्या कोऱ्या इंजिनातबी रिंगांच्या फटीतनं थोडा गॅस खाली उतरतोय."

"असतंय?" तानाबाई खाली उतरल्या. "सगळ्या गाड्यांत?"

"सगळ्या."

"मग बाकीच्या गाड्यांत तो जातोय कुठं?"

"जातोय की, ब्रीदरमधनं..." सयाजीनं तोंड उघडलं ते तसंच राहिलं.

ब्रीदर म्हणजे इंजिनाचं नाक. आत साठलेला गॅस बाहेर सोडायची वाट. मारुतीत ती रबरी नळी वर, हवेच्या फिल्टरला जोडलेली असते. सयाजीनं ह्या गाडीत पहिल्याच दिवशी वर बघितलं होतं. नळी नव्हती. जुनी गाडी आहे, झाकणातूनच श्वास घेत असेल, असं धरून तो पुढं गेला होता. आता त्यानं बाजूला ठेवलेलं झाकण उचललं आणि उलटं केलं. ते जुनं नव्हतंच. कुणा मिस्त्रीनं नंतर बसवलेलं, आत रबर असलेलं, घट्ट. त्यातून मुंगीलाही श्वास घेता आला नसता.

"नाक दुसरीकडं असणार," तो म्हणाला आणि बल्ब घेऊन खड्ड्यात उतरला. तानाबाई वरून वाकून बघत होत्या.

"दिसतंय का?"

"थांबा की जरा."

"मिस्त्री, दिसतंय का?"

"सिस्टर, तुमी बाळंतपणातबी असंच इचारत हुतासा काय?"

इंजिनाच्या कुशीतून एक अंगठ्याएवढी जाड लोखंडी नळी निघून, बाक घेऊन खाली रस्त्याकडं गेली होती. सयाजीनं ती आधी इंजिनाबरोबर रॉकेलनं धुतलीही होती. तिच्या तोंडाशी माती होती, पण गाडीखाली माती असायचीच. आता त्यानं तारेचा तुकडा आत सारला. तार बोटभर गेली आणि ठक्क करून थांबली.

त्यानं नळीचे बोल्ट सोडले, ती वर आणून टेबलावर ठेवली. एका टोकाला बल्ब धरला आणि दुसऱ्या टोकातून बघितलं. काळोख. ज्ञानूनं लांब लोखंडी सळई आणली. एका बाजूनं सळई लावून सयाजीनं हातोडीनं हळूहळू ठोकलं, आणि मातीचा एक लांबट, कडक गठ्ठा टेबलावर घरंगळला. बाहेरून तेलानं काळा झालेला. पडताना त्याचे दोन तुकडे झाले आणि आतला रंग दिसला. तांबडा.

"ही कोल्हापुरातली माती न्हवं," तानाबाई लगेच म्हणाल्या. त्यांनी तुकडा उचलून नाकाशी नेला. "राधानगरीची हाय. आमच्या शेडच्या मागं असली माती."

"म्हंजे तिकडंच भरलीया. चिखल उडून?"

"चिखल उडून असा भरंल? बघा की जरा, आत कप्पे हाईत."

खरंच कप्पे होते. मातीच्या बारीक भिंती घालून केलेल्या, एकीला एक लागून असलेल्या खोल्या. तानाबाईंनी पर्समधला चिमटा काढला. एका खोलीची भिंत हलक्या हातानं फोडली आणि आतून काहीतरी ओढून वर्तमानपत्रावर ठेवलं. सगळी डोकी खाली वाकली. ते कोळी होते. लहान लहान, वाळलेले, पाय पोटाशी घेऊन झोपल्यासारखे.

"कुंभारीण!" सयाजी म्हणाला. त्याचं सगळं तोंड उजळलं. "कुंभारीण माशी! आमच्या शाहूवाडीकडं घराच्या वाशाला, दाराच्या बिजागरीला घरं करती. तोंडातनं चिखल आणती, थापून थापून बसवती. भोक दिसलं की भरलंच. माझ्या थोरल्या भावाचं रॉकेलचं नरसाळं भरून टाकलं हुतं तिनं."

"आणि हे कोळी?"

"पोरांसाठी. नांगी मारती आणि आत ठेवती. मरत न्हाईत लगीच. नुसतं हालायचं बंद."

"भूल देऊन," तानाबाई म्हणाल्या.

"तसंच म्हणा. मग अंडं घालती आणि दार लिंपून जाती. पोर भाईर आलं की समोर ताट वाढलेलं."

तानाबाईंनी पुढची खोली फोडली. तिच्यातही कोळी. तिच्या पुढची रिकामी होती आणि तिला एक वाटोळं भोक होतं. तिथलं पोर उडून गेलं होतं. मग पुन्हा बंद खोल्या. शेवटच्या एकीत कोळी नव्हते. तिथं एक पूर्ण वाढलेली माशी होती, कंबर दोऱ्यासारखी, पंख अंगाला चिकटलेले. बाहेर पडायला निघाली असावी. डोकं दाराकडं होतं.

"ही का न्हाय गेली?" ज्ञानूनं विचारलं.

तानाबाई म्हणाल्या, "मी गाडी आणायला गेलते तवा राधानगरीत मिस्त्रीनं इंजिन चालू करून दुपारभर तसंच ठेवलं हुतं. मला आनंद झाला हुता. आतनं ऊन गॅस आला असंल."

त्यांनी चिमट्यानं माशी उचलून तळहातावर घेतली आणि दारातल्या उजेडात नेली. अडलेल्या बाया, उलटी आलेली पोरं, सगळं त्यांनी हातानं बाहेर काढलेलं होतं. एवढ्याशा किड्यासाठी त्या अशा हळव्या होतील, असं सयाजीला वाटलं नव्हतं. पण त्यानं थट्टा केली नाही. तो म्हणाला, "गाडी उभी हुती. माशीला काय म्हायीत ही कुणाच्या नाकाची वाट हाय? तिला भोक दिसलं."

"तिचं चुकलं न्हाय," तानाबाई म्हणाल्या. "किती नीट बांधलंय बघा. कणभर वारं जाऊ दिलं न्हाय."

नळी रॉकेलनं धुऊन, तारेला चिंधी बांधून आतून पुसून, सयाजीनं पुन्हा बसवली. उरलेला हातमोजा तेलाच्या तोंडावर बांधला आणि इंजिन चालू केलं. बोटं जरा हलली आणि खाली पडून राहिली. रेस केली तरी वर आली नाहीत. एवढी माणसं एका लोळत पडलेल्या हातमोज्याकडं बघून कधी इतकी खूश झाली नसतील.

पण गळती एवढ्या सुखासुखी सुटणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा पावडर फासून पळवली, तेव्हा पुढचं सील कोरडं होतं, मागचा सांधा कोरडा होता, पट्टी जागच्या जागी होती. टॅपेट कव्हरखाली मात्र तीच बारीक ओल.

सयाजीनं कपाळावर हात मारला. तानाबाईंनी फक्त विचारलं, "आता दाब न्हाय. मग हे का?"

ह्या वेळी सयाजीनं कव्हर काढून काचेच्या तुकड्यावर पालथं ठेवलं. पत्र्याचं ते कव्हर काचेवर डुगडुगत होतं. गळती थांबत नाही म्हणून आजवरच्या प्रत्येक मिस्त्रीनं, त्यात सयाजीही आला, त्याचे नट आवळून आवळून घट्ट केले होते. त्या आवळण्यानं पत्रा बोल्टांपाशी आत दबून कडा वाकडी झाली होती. आधी दाबामुळं गळत होतं म्हणून आवळलं आणि आता आवळल्यामुळं गळत होतं. सयाजीनं लाकडी ठोकळ्यावर ठेवून, लहान हातोडीनं, भांड्याचा पोचा काढावा तसं ते सरळ केलं. मधूनमधून काचेवर ठेवून बघत होता. सरळ झालं तेव्हा बुचाचं नवं पॅकिंग घातलं आणि नट हातानं फिरवून वर जेमतेम पाना लावला.

"एवढंच?" तानाबाईंनी विचारलं.

"एवढंच. जास्त आवळलं की बिघडतंय," सयाजी म्हणाला.

खरी परीक्षा चढावर घ्यायची असं ठरलं. त्यासाठी पन्हाळ्याचा रस्ता. निघायच्या वेळी धोंडुबाई घोट्याला पट्टी आणि हातात पांढऱ्या पुठ्ठ्याचं खोकं घेऊन गाडीशी हजर झाल्या.

"मीबी येणार. घोटा माजा गेलाय. गळतीया का न्हाय ते मी माज्या डोळ्यानं बघणार."

त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्या मागच्या सीटवर ऐसपैस बसल्या. तानाबाईंनी पंचगंगेचा पूल ओलांडला आणि पुढं मोकळा रस्ता लागला तशी गाडी सोडली. केर्लीच्या पुढं कुठंतरी गुऱ्हाळ चालू होतं, काकवीचा वास आत येत होता. चढ सुरू झाला. सयाजीनं डोळे मिटून घेतले होते. धोंडुबाईंना वाटलं तो घाबरलाय. तो इंजिन ऐकत होता.

चढावरच्या वाघबीळाला तानाबाईंनी गाडी बाजूला घेतली. धोंडुबाईंनी खोकं उलगडून पुठ्ठा गाडीखाली सारला आणि तिघं समोरच्या टपरीवर चहा प्यायला बसली. चहा संपला. भजी मागवली, ती संपली. शेवटी धोंडुबाई उठल्या, दुखरा पाय लांब करून रस्त्याकडेला बसल्या आणि पुठ्ठा ओढून बाहेर काढला. आधी एका बाजूनं बघितला, मग उलटा केला, मग त्यावर तळहात फिरवला आणि हाताचा वास घेतला.

"कोरडा हाय," त्या म्हणाल्या. मग जरा नाराजीनंच, "साफ कोरडा हाय."

तानाबाईंनी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला, ताप बघावा तसा, आणि तिथंच उभ्या राहिल्या. सयाजी मान वळवून खाली दरीतल्या उसाच्या पट्ट्यांकडं बघत राहिला. बाईंचे डोळे भरलेत हे त्यानं बघितलं होतं आणि आपण बघितलंय हे त्यांना कळू नये असं त्याला वाटत होतं.

"लई दिवसांनी असं काम झालं," तो थोड्या वेळानं म्हणाला. "नुसतं काढा-घाला न्हवं. डोस्क्याला खुराक."

"डॉक्टरीणबाई असत्या तर त्यांनी ती कुंभारीण बाटलीत घालून ठेवली असती," तानाबाई म्हणाल्या. "आणि आल्यागेल्याला दाखवली असती."

परत निघायला म्हणून सगळी गाडीत बसली. तानाबाईंनी इंजिन चालू केलं, गिअरला हात घातला आणि थांबल्या. मान थोडी कलती केली.

"मिस्त्री, हे टकटक कसलं?"

"कुठं?"

"डावीकडं. बारीक हाय. ऐका."

सयाजी पुढं झुकला. त्यानं दार उघडून एक पाय बाहेर टाकला, कान बॉनेटच्या दिशेनं केला. होतं खरं. अगदी बारीक, ठरावीक लयीतलं.

"आधी हुतं का हे?"

"आधी गळतीकडंच ध्यान हुतं. हुतं का नव्हतं, सांगता येणार न्हाय."

"रेस द्या. आता सोडा. पुन्हा द्या. गरम झाल्यावरच येतंय का बघाय पायजे."

"जोतिबाच्या फाट्यानं वर जाऊन बघू या? चढ हाय तिकडं."

"चला की."

"आगं, घराकडं चला की!" धोंडुबाई मागून ओरडल्या. "माज्या चुलीवर डाळ हाय!" पण पुढच्या दोघांचीही मान एकाच बाजूला कलली होती, आणि तानाबाईंनी गाडी डोंगराच्या रस्त्याला वळवलीही होती.